सहा वर्षांचा मुलगा, सपाट तळवे आणि पहाटेची ड्रिल

पत्र थोडक्यात असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका आईने लिहिलंय. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. शाळेत पायांच्या तपासणीचं शिबिर लागलं, मशीनवर उभं करून पायाचा रंगीत ठसा काढला आणि कागद हातात दिला: दोन्ही पाय फ्लॅट फूट, ग्रेड २, लवकर उपचार घ्यावेत. तिथेच साडेचार हजारांचे इन्सोलही (बुटात तळव्याखाली घालायच्या गाद्या) घ्यायला लावले. मुलाच्या वडिलांना लग्नाआधी सैन्यभरतीत धावणं-बिवणं सगळं पास होऊन मेडिकलला सपाट पायावरून बाद केलं होतं, त्यामुळे हा कागद बघितल्यापासून त्यांनी फारच मनावर घेतलंय. व्हिडिओ बघून व्यायामांची यादी केली, रोज पहाटे साडेपाचला मुलाला उठवतात, चाळीस मिनिटं पंजांवर चालणं, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालणं, बाटली रोल करणं, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली. असं अडीच महिने चाललंय. ठशात काडीचा फरक नाही. मुलगा रडतो, आणि वर्गात कुणाला तरी म्हणाला की माझे पाय खराब आहेत. गेले दोन महिने रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून उठतो, तेल लावलं की झोपतो, सकाळी ठणठणीत. सासूबाई म्हणतात दवात चालवा. मिस्टर म्हणतात आत्ता नाही केलं तर वय निघून जाईल, मग तळव्याची कमान, म्हणजे आतल्या बाजूचा खळगा, कधीच येणार नाही आणि पुढे गुडघे-कंबरही जाईल. ताईंचा प्रश्न: "व्यायाम बंद करून मी त्याचं नुकसान करीन का चालू ठेवून? आणि धाकटी दोन वर्षांची आहे, तिचेही तळवे तसेच सपाट दिसतात, तिला कधीपासून सुरू करायचं?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली, तुमच्या लक्षात आलीये का माहीत नाही. व्यायाम सुरू होऊन अडीच महिने झाले आणि पोटऱ्या दुखायला लागून दोन महिने. त्याच्या आधी तो पाय दुखतात म्हणायचा का? पत्रात तसं कुठे नाही. आता चाळीस मिनिटं पंजांवर चालून आणि पायरीवर टाचा वर-खाली करून तुमच्या-माझ्या पोटऱ्यासुद्धा रात्री बोंबलतील, हा तर सहा वर्षांचा जीव, आणि त्यात दिवसभर शाळा आणि पळापळ वेगळीच. तेव्हा पहिलं काम म्हणजे ही ड्रिल तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि रात्रीचं दुखणं कमी होतंय का ते बघा. नुकसान काहीही होणार नाही. कमान तीन आठवड्यांत येत नाही तशी तीन आठवड्यांत जातही नाही.

दुखणं त्यानंतरही राहिलं तर? या वयात बऱ्याच मुलांना संध्याकाळी-रात्री दोन्ही पायांच्या पोटऱ्यांत, मांड्यांत दुखतं, चोळून दिलं की थांबतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत असतं, त्याला वाढीचं दुखणं म्हणतात आणि ते सपाट पाय नसलेल्या मुलांनाही होतं. एकाच पायात दुखणं, सांध्यात दुखणं, सूज, ताप, सकाळीही लंगडणं, हे मात्र वेगळं, त्यासाठी थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

आता कागदाबद्दल. त्या कागदावर जे लिहिलंय ते खोटं असेलच असं नाही, त्याचे पाय ठशात सपाट येत असतीलही. पण सहा वर्षांच्या मुलाचा पाय सपाट दिसणं हा आजार आहे हे तुम्ही दोघांनी गृहीत धरलंय आणि सगळं घर त्यावर चाललंय, तिथेच मला जरा थांबवायचंय तुम्हाला.

बाळं जन्मतात तीच सपाट तळव्यांची. तळव्याच्या आतल्या बाजूला, जिथे पुढे खळगा दिसणार असतो तिथे, चरबीची जाड गादी असते, शिवाय लहान मुलांचे सांधे सैल असतात, त्यामुळे उभं राहिलं की पाय पसरतो आणि असलेली थोडीफार कमानही झाकली जाते. कमानीच्या आतल्या बाजूचं जे मुख्य छोटं हाड असतं ते तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास हाड व्हायला लागतं, तोवर ते कूर्चाच असतं. मग वय वाढतं तशी गादी विरते, सांधे घट्ट होतात आणि कमान हळूहळू वर येते. हे तिसऱ्या वर्षापासून साधारण दहाव्या वर्षापर्यंत चालू राहतं, कुणाचं पाचव्याला दिसतं कुणाचं नवव्याला. ऑस्ट्रियात ३ ते ६ वर्षांच्या ८३५ मुलांचे पाय तपासले होते, तो अभ्यास २००६ साली आला, त्यात तीन वर्षांच्या मुलांत ५४ टक्के पाय सपाट होते आणि सहा वर्षांच्या मुलांत २४ टक्के. म्हणजे तुमच्या मुलाच्या वर्गात चाळीस मुलं असतील तर आठ-दहा जणांचा ठसा असाच येऊ शकतो. आणि त्या ८३५ मधे खरोखर बिघाड म्हणावा असे पाय एक टक्क्याहून कमी निघाले. गंमत म्हणजे त्यातली १० टक्के मुलं इन्सोल घालतच होती, आणि बहुतेकांना गरज नव्हती! तेव्हा साडेचार हजार घालवणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात असं वाटून घेऊ नका.

दुधाचे दात पडायला उशीर झाला म्हणून आपण पोराला पहाटे उठवून दात हलवायला लावत नाही, नवीन येतोय का एवढंच बघत राहतो. पायाचंही तसंच बघायचं असतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे. ते आता सांगते, कारण मशीनवरचा ठसा नेमकं तेच सांगत नाही. ठसा फक्त एवढं सांगतो की उभं राहिल्यावर तळवा किती टेकतो. पाय लवचिक आहे का ताठ, हे त्यात कळत नाही आणि सगळं अवलंबून आहे ते त्याच्यावर.

मुलाला अर्ध्या चड्डीत, अनवाणी, फरशीवर उभं करा आणि तुम्ही मागे बसा, म्हणजे टाचा डोळ्यांसमोर येतील. उभा असताना टाचा थोड्या बाहेरच्या बाजूला कललेल्या दिसतील, तळवा आत झुकलेला दिसेल, घाबरू नका. आता त्याला म्हणा, फडताळावरचा डबा काढायचाय, चवड्यांवर हो. भिंतीला हात टेकला तरी चालेल. तो वर गेला की आतल्या बाजूने खळगा दिसायला लागला आणि टाचा आतल्या बाजूला वळल्या, तर पाय लवचिक आहे. दुसरं, तो नीट उभा असताना त्याचा अंगठा तुमच्या हाताने हळूच वर उचला, बाकी पाय जमिनीवरच. अंगठ्याबरोबर कमान वर येते का बघा. तिसरं तर अगदीच सोपं, खुर्चीवर किंवा ओट्यावर बसवून पाय लोंबकळत ठेवायला सांगा आणि तळव्याकडे बघा, वजन नसताना खळगा दिसतो का. या तिन्हीत कमान दिसत असेल, आणि पाय दुखत नसेल, तर तुमच्या मुलाला उपचारांची गरज नाही. दिसणं सपाट, काम चोख.

चौथी एक तपासणी आहे ती लोक विसरतात आणि माझ्या मते कमानीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची: पोटरी आखडलेली आहे का. त्याला उकिडवं बसायला सांगा, टाचा जमिनीला टेकवून. बसता आलं तर बरंच, पण तेवढ्यावर थांबू नका कारण गुडघा वाकला की पोटरीचा एक मोठा स्नायू सैल पडतो. म्हणून त्याला आडवं झोपवा, गुडघा सरळ, टाच हातात धरून पाऊल किंचित आत वळवा आणि मग पंजा नडगीकडे ढकला. पाऊल काटकोनाच्या पुढे थोडंसं तरी जायला हवं. काटकोनापर्यंतच अडकत असेल तर पोटरी आणि टाचेमागची शीर आखूड आहे, आणि तिथे व्यायामाचा खरा उपयोग आहे. पाऊल आत वळवायचं अशासाठी की सपाट पायाची मुलं नाहीतर मधल्या सांध्यातून वाकून आपल्याला फसवतात, वाटतं टाच वाकली, वाकलेलं असतं भलतंच.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते एकदाच नीट सांगते, म्हणजे हे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनाही उपयोग होईल. चवड्यांवर होऊनही कमान दिसत नाही, पाय ताठ आहे. एकच पाय सपाट आणि दुसरा व्यवस्थित. पायात, घोट्यात रोजचं दुखणं, त्यामुळे मूल खेळ सोडून बसतं. आधी होती ती कमान मोठेपणी खाली गेली. आठ-दहा वर्षांनंतर घोटा सारखा सारखा मुरगळतो आणि पाऊल ताठ वाटतं, यात कधीकधी पायातली दोन हाडं जन्मापासून जोडलेली निघतात आणि ते लहानपणी लक्षातही आलेलं नसतं. चालायला उशीर झाला, सतत पडतं, स्नायू ढिले किंवा फार कडक वाटतात. यातलं काही असेल तर लहान मुलांच्या हाडांचे डॉक्टर, शिबिर नव्हे आणि चपलांचं दुकान तर नव्हेच. खासगी परवडत नसेल तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा, ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथे हाडांचा विभाग असतो.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, "आत्ता नाही केलं तर वय निघून जाईल". माणूस प्रेमापोटी बोलतोय हे मला दिसतंय, पण यात दोन गोष्टींची गल्लत झालीये. कमानीचा आकार हा मुख्यतः हाडांची ठेवण आणि अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे, यांवर ठरतो, बराचसा आईबापांकडून आलेला असतो. स्नायू मदत करतात, तोल धरतात, पाय थकू देत नाहीत, पण स्नायूंना व्यायाम देऊन हाडांची ठेवण बदलेल ही अपेक्षा जास्त आहे. तळव्याच्या छोट्या स्नायूंच्या व्यायामांवर लहान मुलांत काही छोटे अभ्यास झालेत, ताकद आणि उभं राहण्याची पद्धत थोडी सुधारल्याचं त्यात दिसतं, ते मी नाकारत नाही. अडचण अशी की या वयात कमान आपोआपही वर येतच असते, मग श्रेय कुणाला द्यायचं? अमेरिकेत १९८९ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, तो व्यायामावर नाही, बुटांवर आणि इन्सोलवर आहे, पण धडा तोच. १ ते ६ वर्षांच्या १२९ मुलांचे गट केले, काहींना खास बूट, काहींना इन्सोल, आणि एका गटाला काहीच नाही. निदान तीन वर्षं हे चाललं. शेवटी एक्स-रे काढून बघितलं तर सगळ्यांचेच पाय सुधारलेले, आणि काहीच न घातलेल्या मुलांचेही तेवढेच. तो काहीच न घातलेल्या मुलांचा गट जर ठेवला नसता तर बूटवाल्यांनी आज छाती ठोकून सांगितलं असतं की आमच्या बुटांनी कमान आली. यूट्यूबवर जे आधी-नंतरचे फोटो दिसतात ना, त्यात हा काहीच न केलेला गट कधीच नसतो, एवढं लक्षात ठेवून ते बघा.

आणि गुडघे-कंबर जाणार म्हणून जी भीती घातली जाते, तर न दुखणाऱ्या, लवचिक सपाट पायामुळे लहान मुलाचं पुढचं आयुष्य बिघडतं याला काही भक्कम पुरावा नाही. लाखो मोठी माणसं सपाट पायांवर शेतात राबतायत, डोंगर चढतायत, आणि त्यांना आपले पाय सपाट आहेत हे माहीतही नाही.

मग व्यायाम सोडूनच द्यायचा का? नाही, पण त्याचं रूप बदला. पहाटे साडेपाचची ड्रिल बंद आणि संध्याकाळी खेळ सुरू. मुलाच्या पायाला जे हवं ते आपल्या खेळांत भरपूर आहे, आपणच ते बंद करून मग व्यायाम म्हणून पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायला लावतो! लंगडी घ्या. एका पायावर तोल धरून उड्या मारत जायचं, घोटा, पोटरी, तळव्याचे स्नायू सगळे कामाला लागतात, आणि बाप समोर पळत असेल तर पोरगं "अजून एक डाव" म्हणून मागे लागतं. पाय बदलून खेळायचं तेवढं सांगा, नाहीतर एकच पाय तयार होतो. दोरीच्या उड्या, ठिक्करपाणी, वाळूचा ढीग असेल कुठे बांधकामापाशी तर त्यात खेळणं (खिळे-काचा बघून), झाडावर चढणं, टेकडी चढणं. साताऱ्यात राहून टेकड्यांना काय तोटा! घरात बसल्या बसल्या पायाच्या बोटांनी गोट्या किंवा चिंचोके उचलून वाटीत टाकायची शर्यत, पण ती भावा-बहिणीत, घड्याळ लावून नाही. फडताळावरची वस्तू चवड्यांवर होऊन काढायची. हे सगळं मिळून दिवसाला दहा-पंधरा मिनिटं ठरवून झालं तरी खूप, बाकी तो खेळतोच आहे.

जवळपास मल्लखांब शिकवत असतील तर जरूर बघा. दोरीच्या मल्लखांबात तर दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडायची असते, पायाच्या बोटांना एवढं काम देणारा दुसरा प्रकार मला तरी माहीत नाही. कमान येईल म्हणून नाही सांगत हां, ताकद येईल, तोल येईल आणि मुख्य म्हणजे त्याला वाटेल की आपले पाय भारी आहेत. सध्या त्याला ह्याची जास्त गरज आहे.

चौथ्या तपासणीत पोटरी आखडलेली निघाली तरच ताण देण्याचा व्यायाम रोज करायचा. भिंतीला दोन्ही हात टेकून एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट टेकलेली, आणि पंजा सरळ समोर, बाहेर वळलेला नाही. वीस-तीस सेकंद थांबायचं, प्रत्येक पायाला तीनदा. सूर्यनमस्कारातलं पर्वतासनही चालतं, टाचा टेकवायचा प्रयत्न करत. दुखेपर्यंत ताणायचं नाही. आणि एक, ज्याची पोटरी आधीच आखूड आहे त्याला तासन्‌तास चवड्यांवर चालवलं तर ती अजून आवळते, म्हणजे तुमच्याकडे जे चाललंय त्याचा उलटाच परिणाम झाला असता.

बाहेरच्या कडेवर चालणं मात्र कायमचं बंद करा. बघायला छान वाटतं, कमान तयार झाल्यासारखी दिसते, पण त्या कडेवर रोज दहा-दहा मिनिटं चालणं म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण. तळवा आक्रसून घेण्याचा एक व्यायाम आहे, बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा आणि कमान उचलायची, तो चांगला आहे पण सहा वर्षांच्या मुलाला तो समजतच नाही, तो बोटं मुडपत बसतो. आठ-नऊ वर्षांचा झाला, आणि पाय लवकर थकतात म्हणाला, तर तेव्हा एखाद्या फिजिओकडून समोर बसून शिका. तेल लावणं चालू ठेवा, त्याने कमान येत नाही, पण तुमच्या हाताने पाय चोळून घ्यायला त्याला आवडतंय तर का बंद करायचं.

सासूबाईंच्या दवाबद्दल. दवात औषध काही नाही, पण त्या नकळत जे सांगतायत, म्हणजे अनवाणी चालवा, त्यात मात्र तथ्य आहे. १९९२ साली कर्नाटकातल्या २३०० मुलांचा एक अभ्यास छापून आला, ४ ते १३ वर्षांची मुलं, त्यांच्या पायांचे ठसे घेतले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी वावरणाऱ्या मुलांत २.८ टक्के. पूर्ण बंद बुटांत सर्वात जास्त, सँडल-चपलेत त्याहून कमी. आता याच्यावरून लगेच बूट फेकून देऊ नका, दोन गटांतल्या मुलांची राहणी, वजन, सगळंच वेगळं असू शकतं. पण शाळेतून आल्या आल्या बूट काढून घरात, अंगणात, स्वच्छ मातीत, गवतावर अनवाणी हुंदडू देणं यात काही खर्च नाही आणि तोटाही नाही. शेतात, गुरांच्या गोठ्यापाशी, पावसाळ्यात चिखलात मात्र चप्पल हवीच, काटे, काचा, जंत आणि साप यांच्यापुढे कमानीचा विचार करायचा नसतो.

शाळेच्या बुटाचं एवढंच बघा की अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा आहे, टाचेचा भाग दाबल्यावर चेपत नाही, आणि बूट वाकतो तो चवड्याच्या जागी, मधोमध नाही. महाग ब्रँड लागत नाही. पुढच्या वर्षी चालेल म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका, मुलं मग बोटं मुडपून बूट धरून ठेवतात.

घेतलेल्या इन्सोलचं काय? मुलाला पाय दुखत नसेल तर ते काढून ठेवा. घातले म्हणून फार बिघडेल असं नाही, पण कडक असतील आणि टोचत असतील तर उगाच दुखणं मागे लागतं. शिवाय मुलाचा पाय वर्षभरात वाढतो, मग पुन्हा साडेचार हजार. ज्या मुलांना खरंच चालल्यावर, खेळल्यावर पाय दुखतो त्यांना इन्सोलने बरं वाटू शकतं, आणि त्यांनाही आधी साधा तयार मऊ इन्सोल घालून बघावा, खास मापाचा महागडा लगेच नको. इन्सोलने दुखणं कमी व्हावं एवढीच अपेक्षा, कमान त्यानेही तयार होत नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र करून बघणाऱ्यांनाही न दुखणाऱ्या मुलांत इन्सोलच्या फायद्याचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. आणि कुणी ऑपरेशन सुचवलं, न दुखणाऱ्या लवचिक पायाला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

वजनाबद्दल पत्रात काही नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला लागू नसेल, पण हे वाचणाऱ्या काहींना असेल म्हणून सांगते, वजन जास्त असलेल्या मुलांत सपाट पाय जास्त दिसतात आणि तिथे कमानीच्या मागे लागण्यापेक्षा रोजचं खेळणं आणि बिस्किट-वेफर्सच्या पुड्या याकडे बघितलेलं बरं.

आता मिस्टरांशी बोलायचं ते. मला वाटतं तुमच्या घरातला खरा गुंता तिथेच आहे. धावण्यात पास झालेला तरुण मुलगा, एका मेडिकलमधे पायाकडे बघून बाहेर काढला, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही आणि कसं जाईल? त्यात "तुम्ही पोराला छळताय" अशी सुरुवात केलीत तर भांडणच होईल. त्यांना नियम दाखवा. एनडीएच्या परीक्षेच्या जाहिरातीत जे मेडिकलचे निकष छापून आले आहेत त्यात लिहिलंय की चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पंजांवर उड्या मारता आणि धावता येत असेल आणि पाय लवचिक, न दुखणारा असेल, तर उमेदवार चालतो. ताठ पाय असेल तर चालत नाही. निमलष्करी दलांच्या जाहिरातींत मात्र सपाट पाय नको असं सरळ लिहिलेलं असतं, तेही त्यांच्यापासून लपवू नका. पण ज्याची भरती अजून अकरा-बारा वर्षं लांब आहे, ज्याला सैन्यात जायचंय का हे त्याला अजून कुणी विचारलेलं नाही, आणि ज्याची कमान यायची अजून चार वर्षं शिल्लक आहेत, त्याच्या पायावर आज निकाल कशाला लावायचा?

सैन्याचाच दाखला हवा असेल तर १९४७ साली कॅनडाच्या सैन्यातल्या ३,६०० च्या आसपास सैनिकांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध झाली होती, तिथे असं दिसलं की लवचिक सपाट पायाचे सैनिक इतरांसारखेच काम करतात, त्रास होतो तो ज्यांची टाचेमागची शीर आखूड असते त्यांना. म्हणून मी वर ती चौथी तपासणी एवढी लांबवली. तुमच्या मिस्टरांना म्हणा, ती तुम्हीच करा पोराची. त्यांच्या हाताला काम हवंय, ते द्या. सहा महिन्यांतून एकदा मुलाचे तीन फोटो त्यांनीच काढायचे, मागून उभा, मागून चवड्यांवर आणि बाजूने पाय लोंबकळत, त्याच जागी त्याच उजेडात. रोज ठसा बघायचा नाही. आणि जमलं तर त्यांना विचारा की त्यांचे स्वतःचे पाय संध्याकाळी दुखतात का, त्यांना उकिडवं बसता येतं का टाच टेकवून, कारण घरात ज्याचे पाय तपासून घ्यायला हवेत ते कदाचित मुलाचे नसून त्यांचेच असतील आणि मोठ्यांच्या दुखऱ्या सपाट पायाला ताण, व्यायाम आणि बरे बूट यांनी खरोखर आराम पडतो.

मुलाला काय सांगायचं? फार काही नाही. "तुझे पाय चांगले आहेत, आम्ही उगाच घाबरलो होतो," हे वडिलांच्या तोंडून आलं पाहिजे, तुमच्या नाही, कारण खराब आहेत हे त्याने वडिलांच्या चेहऱ्यावर वाचलंय. नंतर घरात पायाचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नाही, त्याच्यादेखत फोनवर बोलायचं नाही. ठशाचा कागद फाइलमधे टाका, दहाव्या वर्षी पाय तसाच सपाट राहिला आणि दुखत नसला तर तो त्याच्या घराण्याचा पाय आहे असं समजायचं, दुखला तर डॉक्टरांना दाखवताना तो कागद जुना पुरावा म्हणून कामी येईल.

धाकटीबद्दल विचारलंय तुम्ही. दोन वर्षांच्या मुलीचा तळवा सपाट नसेल तर मला जरा नवल वाटेल. तिला काहीही सुरू करायचं नाही, घरात बूट घालू नका, चालताना घसरणारे मोजे काढून टाका आणि भावाच्या मागे लंगडी घालायला निघाली तर पडेल थोडी, पडू दे.